परक्या पानांचा डाव

चंद्रपूरजवळचें ऊर्जानगर ही महाऔष्णिक विद्युत् केंद्राची वसाहत होय. वैशाखांत तेथील पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि भर दुपारीं दारें-खिडक्या लावून घरांत बसण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. अशा दुपारीं महाराष्ट्रांतील घराघरांतून जे पत्त्यांचे डाव रंगत आले, त्यांत पांच-तीन-दोनाचा मान मोठा. तीन गडी, 30 पानें, प्रत्येकास दहा. ज्याच्यावर पांच हातांचें ओझें त्यानें हुकूम बोलावयाचा. उरलेल्या दोघांनीं तीन व दोन हात करावयाचे. ज्याचा हात कमी पडला तो ऋणको, व ज्याचा अधिक झाला तो धनको. पुढील डावांत धनको ऋणकोच्या हातांतून न पाहतां एक पान ओढतो आणि आपल्याजवळचें नको असलेलें पान त्यास देतो. नेमका हुकमाचा एक्का ओढला गेला, कीं धाकट्या भावंडाच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. कारण येथें एकाजवळ पान येतें, तें दुसऱ्याजवळून जाऊनच.

आतां पत्ते मोबाइलवरही खेळले जातात, आणि तेथेंही परकीं पानें पळविण्याची विद्या आहेच; मात्र तिची रीत निराळी आहे. ‘हार्थस्टोन’ हा खेळ ब्लिझार्ड एन्टरटेनमेंट या अमेरिकन कंपनीनें 2014 च्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध केला. त्यांत पत्त्यांचा जोड समाईक नसतो. प्रत्येक खेळाडूनें आपल्या संग्रहांतून 30 पानें निवडून स्वतःचा जोड रचावयाचा, आणि समोरच्या वीराचें 30 अंकांचें आयुष्य संपवावयाचें. प्रत्येक पान खेळावयास ऊर्जा खर्चावी लागते. ही ऊर्जा पहिल्या पाळीस 1 असते व पाळीगणिक वाढत 10 पर्यंत जाते. ऊर्जानगरांत हें फार समजावून सांगावें लागूं नये. विजेचा औष्णिक संचही सुरू होतांच पूर्ण भार घेत नाहीं.

चोरीचा जोड बहुधा ‘प्रीस्ट’ या पात्राभोंवतीं रचला जातो. त्याचीं तीन जुनीं पानें पाहिलीं म्हणजे सारें मर्म ध्यानांत येतें. ‘माइंड व्हिजन’ हें 1 ऊर्जेचें पान प्रतिपक्ष्याच्या हातांतील कोणत्या तरी एका पानाची प्रत आणून देतें. ‘थॉटस्टील’ त्याच्या न उघडलेल्या जोडांतील दोन पानांच्या प्रती आणतें. मूळ खेळांत त्यास 3 ऊर्जा लागत. ‘माइंड कंट्रोल’ मात्र समोरच्याचा पटावरील सैनिकच उचलून आपल्या बाजूस उभा करतें. पहिल्या दोन पानांनीं प्रतिपक्ष्याचें कांहींच जात नाहीं. तिसऱ्यानें खरोखरच जातें. म्हणूनच कीं काय, प्रसिद्धीपूर्वीच्या चांचणींत या तिसऱ्या पानाचें मूल्य 8 होतें, तें वाढवून 10 करण्यांत आलें. नुसती नक्कल स्वस्त, खरी लूट महाग, असा हा हिशेब आहे.

परंतु स्वस्त म्हणून नक्कल नेहमींच लाभाची ठरते, असें नाहीं. ‘हंटर’ या पात्राचें ‘किल कमांड’ हें पान घ्या. पटावर आपला एखादा पशु असला तर तें 5 अंकांची इजा करतें, नसला तर 3 अंकांची. हंटरचा जोड पशूंनीं भरलेला असतो. प्रीस्टजवळ पशु क्वचित्. तेंच पान हात बदलतांच अर्धवट बळाचें होतें. दुसऱ्याचें हत्यार उचलतां येतें, पण ज्या सोबत्यांच्या आधारावर तें चालतें, ते सोबती मूळ धन्याजवळच राहतात.

यावरून हा जोड खेळण्याचे नियम आपोआप निघतात. चोरीचीं पानें थोडीं असावींत. बाकीचा जोड बचावाचा व स्वतःच्या पायांवर उभा राहणारा असावा. समोरचा सैन्य उभारीत असतां जो चोरी करीत बसतो, त्याचा पट हातचा जातो. यास्तव ज्या पाळीस शत्रूचा जोर नाहीं व ऊर्जा उरते आहे, तीच चोरीची वेळ. हातांत दहांहून अधिक पानें ठेवतां येत नाहींत, आणि हात भरलेला असतां ओढलेलें पान नष्ट होतें. म्हणून हावरेपणाही घातक. उलट, चोरलेल्या प्रतींनीं आपला जोड झिजत नाहीं. जोड संपल्यावर पान ओढूं गेल्यास प्रथम 1, मग 2, मग 3 अशी वाढती इजा होते. लांबलेल्या डावांत चोराचें मोठें सामर्थ्य तें हेंच.

तरीही या खेळाचा खरा लाभ त्या पानांत नसून तें पान जें सांगतें त्यांत आहे. माइंड व्हिजननें आणलेली प्रत पाहतांच, तिचें मूळ प्रतिपक्ष्याच्या हातांत आहे, हें कळतें. थॉटस्टीलची प्रत, त्याच्या जोडांत पुढें काय दडलें आहे, तें सांगते. कुशल खेळाडु अशी निरुपयोगी प्रतही वाया गेली असें मानीत नाहीं. येणाऱ्या घावासाठीं ढाल आधींच राखून ठेवतो. नवशिका मात्र परकें पान मिरविण्याच्या उत्साहांत तें लगेच खेळून टाकतो, आणि त्यानें दिलेली वार्ता विसरतो.

ज्याच्या संग्रहांत मोलाचीं पानें नाहींत, अशा मुलास या जोडाचें विशेष आकर्षण वाटतें, व तें स्वाभाविक आहे. पैसे मोजून पाकिटें न घेतांही दुर्मिळ पान घटकाभर त्याच्या हातीं येतें. डाव संपतांच तें नाहींसें होतें. संग्रहांत जमा होत नाहीं. परंतु तें पान कसें चालतें, केव्हां फसतें, कोणाच्या सोबतीनें शोभतें, हें ज्ञान मात्र त्याच्यापाशीं राहतें. पांच-तीन-दोनांत ओढलेला एक्का एकास हसवितो व दुसऱ्यास रडवितो. येथें मूळ पान धन्याजवळ जसेंच्या तसें राहतें, आणि चोराच्या पदरीं शेवटीं पडते ती विद्याच. ती कोणाचेंही कांहीं न हिरावतां मिळालेली असते.