जॉर्ज पर्किन्स मार्श : वनरक्षणाचा आद्य पुरस्कर्ता

अरण्यांचें रक्षण करावें, हें आज शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु अरण्य गेलें म्हणजे लाकडाखेरीज आणखी काय जातें, हें सप्रमाण दाखवून देणारा पुरुष राजकारणांतून पुढें यावा, ही गोष्ट विरळाच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जॉर्ज पर्किन्स मार्श हा असा पुरुष होऊन गेला. त्याचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

मार्शचा जन्म व्हरमाँट संस्थानांतील वुडस्टॉक गांवीं १५ मार्च १८०१ रोजीं झाला. अतिवाचनामुळें बाळपणींच त्याची दृष्टि इतकी क्षीण झाली, कीं पुढें कित्येक दिवस पुस्तक हातीं धरण्याची सोय उरली नाहीं. वडील वकील होते. ते मुलास बरोबर घेऊन फिरत आणि पाणलोट कोणत्या अंगास आहे, कोणत्या झाडाचें नांव काय, हें समजावून देत. गांवाशेजारच्या टेकड्या तोडीमुळें उघड्या पडत होत्या, हेंही त्या मुलानें पाहिलें.

दृष्टि सुधारल्यावर मार्शनें १८२० सालीं डार्टमथ कॉलेजची पदवी घेतली, कांहीं काळ शिक्षकाचें काम केलें व नंतर बर्लिंग्टन येथें वकिली आरंभिली. लोकरीची गिरणी, मेंढरें, रेल्वे अशा अनेक उद्योगांत त्यानें पैसा घातला. बहुतेकांत नुकसानच झालें. १८३३ सालीं थोड्याच दिवसांच्या अंतरानें पत्नी व थोरला मुलगा निवर्तले. एवढ्या आपत्तींतही त्याचा विद्याव्यासंग सुटला नाहीं. सुमारें वीस भाषा त्यास अवगत होत्या.

१८४३ सालीं तो अमेरिकेच्या विधिमंडळांत निवडून गेला. तेथें स्मिथसोनियन या ज्ञानसंस्थेच्या उभारणीस त्यानें साहाय्य केलें. १८४७ सालीं रटलंड येथें शेतकऱ्यांपुढें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें जंगलतोडीचे दुष्परिणाम स्पष्ट सांगितले. रान तोडून शेत काढणें हाच पुरुषार्थ मानणाऱ्या त्या देशांत हा विचार नवीनच होता.

पुढें कॉन्स्टँटिनोपल येथें राजदूत असतांना त्यानें इजिप्त व पॅलेस्टाइन पाहिलें. पूर्वी भरभराटीस आलेले प्रांत ओसाड पडलेले पाहून त्याचें मत दृढ झालें. १८६१ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं त्यास इटलींत राजदूत नेमलें. तेथेंच त्यानें ‘मॅन अँड नेचर’ हा ग्रंथ पुरा केला. तो १८६४ सालीं प्रसिद्ध झाला.

ग्रंथांतील विवेचन थोडक्यांत असें : झाडांचीं मुळें माती धरून ठेवतात, खालचा पालापाचोळा पावसाचें पाणी शोषून तें हळूहळू झऱ्यांस देतो. झाडें गेलीं कीं पाणी एकदम उतारानें धांवतें व माती घेऊन जातें. मग पावसाळ्यांत पूर, उन्हाळ्यांत कोरडे झरे आणि खालीं गाळानें भरलेलीं नदीमुखें, असा त्रिविध अनर्थ होतो. परंतु मार्श निराशावादी नव्हता. मनुष्याच्या हातून जें बिघडलें तें मनुष्यानें विवेकानें सुधारावें, असा त्याचा आग्रह होता.

ग्रंथास फारसें गिऱ्हाईक मिळणार नाहीं अशा समजुतीनें त्यानें त्याचे हक्क युद्धांतील जखमी शिपायांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेस देऊन टाकले. भावानें व एका स्नेह्यानें ते विकत घेऊन त्यास परत दिले! आपल्या देशाशींही या ग्रंथाचा संबंध आला. मद्रास इलाख्यांतील वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न यांनीं हिमालयाच्या प्रवासांत तो बरोबर नेला होता, असें त्यांनीं मार्शला पत्रानें कळविलें. न्यूयॉर्क संस्थानानें १८८५ सालीं आपलीं अरण्यें राखून ठेवलीं, त्यामागेंही याच विचाराची प्रेरणा होती.

इटलींत एकवीस वर्षें सेवा करून २३ जुलै १८८२ रोजीं व्हालोम्ब्रोसा येथें मार्श वारला. तेथें वनविद्येची शाळा होती. तिच्या विद्यार्थ्यांनीं त्याचा देह डोंगरावरून खालीं आणला. अधिकारपदें व धंदे यांचें आज कोणास स्मरण नाहीं. टिकला तो ग्रंथ. वुडस्टॉक येथील त्याच्या घराभोंवतालची जमीन फ्रेडरिक बिलिंग्ज यांनीं १८६९ सालीं घेतली व उघड्या टेकडीवर झाडें लावविलीं. आज तें राष्ट्रीय उद्यान असून टेकडी वृक्षांनीं झांकली आहे. मार्शचें म्हणणें खरें होतें, याचा याहून सोपा पुरावा कोणता?