सट्ट्याला स्वतःच घातलेले कुलूप

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये न्यू जर्सीच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच महिन्यात तिथे खेळांवरचा सट्टा कायदेशीर झाला. वयाची अट २१ वर्षे. आता सामना सुरू असतानाही मोबाइलवर पैसे लावता येतात आणि धोका तिथेच आहे. बक्षिसाची अनिश्चितता मेंदूतील डोपामिनची यंत्रणा चाळवते. हरलेला माणूस गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा खेळतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून हा विकार व्यसनांमध्ये मोडतो. न्यू जर्सीत एक किंवा पाच वर्षांसाठी स्वतःवरच बंदी घालून घेता येते. मुदतीआधी ती उठत नाही. चोरून खेळून जिंकलेले पैसेही हाती पडत नाहीत. मोहाच्या क्षणी मन डळमळते; तेव्हा शांत डोक्याने आधीच घेतलेला निर्णय कामी येतो.