घटनाबाह्य कायद्याचा जाब कोणाला विचारायचा?

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी साँचीच्या स्तूपाला दान दिले आणि दगडावर आपले नाव-गाव कोरून ठेवले. ते आजही वाचता येते. आपल्या आमदाराने कोणत्या कायद्याला ‘होय’ म्हटले, हे मात्र बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही. कारण विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, ‘होय, होय’ असा गलका होतो, विधेयक संमत. कोणी मतविभाजन मागितले तरच नावे नोंदली जातात.

मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा तर १९९२ पासून सर्वांना ठाऊक होती. मधल्या काळात अभ्यासिकांत रात्र-रात्र बसलेल्या पोरांनी या आरक्षणातून नोकऱ्यांसाठी अर्ज भरले. कित्येकांची निवड झाली, पण नियुक्तीचे पत्र काही हातात पडले नाही. घरी रोज एकच प्रश्न, ‘आलं का रे काही?’

तरीही सगळा दोष आमदारांच्या माथी मारता येणार नाही. तोच कायदा मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये, टक्के कमी करून का होईना, वैध ठरवला होता. डान्स बारचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारमधल्या नृत्यावरची राज्याची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये विधिमंडळाने चर्चेविनाच ती पुन्हा आणली. ही राज्यघटनेची जाणूनबुजून केलेली पायमल्ली होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग अशा आमदारांवर खटला भरावा का? राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४(२) नुसार सभागृहातल्या भाषणासाठी किंवा मतासाठी आमदाराला कोर्टात खेचता येत नाही. हे कवच हवेच. ते काढले तर सत्तेतले लोक पहिला खटला विरोधकांवरच भरतील. लाच घेऊन दिलेल्या मताला मात्र ते लागू नाही, हे ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले.

म्हणजे जाब मतदारानेच विचारायचा. आमदार गावात आले की रस्त्या-पाण्याबरोबर एवढेही विचारा : साहेब, हा कायदा कोर्टात टिकेल का, हे मत देण्याआधी कोणाला विचारलं होतं? आणि मतविभाजन का मागितलं नाही?