बरोबर दुरुस्ती, चुकीची आवृत्ती

लिनक्सवर आधारित डेबियन या प्रणालीच्या १२.३ आवृत्तीचे वितरण, तिच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, माहिती बिघडवणारा दोष आढळल्याने ९ डिसेंबर २०२३ रोजी ऐनवेळी रोखले गेले आणि दुसऱ्याच दिवशी थेट १२.४ आली. परंतु या घटनेमागचा प्रश्न, म्हणजे लिनक्सच्या नव्या कर्नेलमधील कोणती दुरुस्ती जुन्या कर्नेलमध्ये उतरवावी, ज्याला बॅकपोर्ट म्हणतात, तो अधिक जुना आणि अधिक गंभीर आहे.

जुन्या आवृत्त्या सांभाळणारी ‘स्टेबल’ शाखा २००५ मध्ये सुरू झाली. दुरुस्ती आधी लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेत आलेली असावी, शंभर ओळींहून मोठी नसावी आणि उघडपणे बरोबर असावी, असे तिचे नियम आहेत. मात्र ‘उघडपणे बरोबर’ या शब्दांतच खरी मेख आहे. डेबियन १२.३ मधील ६.१.६४ या कर्नेलमध्ये एक्स्ट४ या, डिस्कवर फाइली मांडणाऱ्या, व्यवस्थेसाठी घेतलेली दुरुस्ती मुख्य शाखेत निर्दोष होती, कारण ६.५ मध्ये झालेला एक बदल तिने गृहीत धरला होता; तो बदल ६.१ मध्ये नसल्यामुळे, विशिष्ट पद्धतीने थेट डिस्कवर लिहिताना, पुढचे लेखन कोठून करायचे ही खूण योग्य जागी येईना आणि माहिती बिघडू लागली.

स्टेबल शाखेचे प्रमुख ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची भूमिका अशी की, कोणता दोष उद्या सुरक्षेतील भगदाड ठरेल हे आज सांगता येत नाही, म्हणून निवडक नव्हे तर सर्वच दुरुस्त्या घ्याव्यात. या भूमिकेत निश्चितच तथ्य आहे. प्रोग्रामर मॅक्स केलरमन हे खराब होणाऱ्या लॉग फाइलींचा, म्हणजे नोंदींच्या फाइलींचा, शोध घेत असताना त्यातूनच कर्नेलमधील ‘डर्टी पाइप’ हा दोष उघड झाला; वरकरणी किरकोळ भासणाऱ्या त्या दोषामुळे साध्या वापरकर्त्यालाही यंत्राचा संपूर्ण ताबा मिळवता येत होता, आणि तो ५.८ पासून दडून होता. स्टेबल शाखा सांभाळणारे दुसरे देखभालकर्ते साशा लेविन तर लेखकांनी न सुचवलेल्या दुरुस्त्याही मशीन लर्निंगच्या साहाय्याने हेरतात.

तरीही व्यापक निवडीला तितक्याच व्यापक चाचणीची जोड नसेल, तर ती धोक्याचीच आहे. एक्सएफएस ही दुसरी फाइल-व्यवस्था सांभाळणाऱ्यांनी यांत्रिक निवड नाकारली असून, जुन्या शाखेवर चाचण्यांचा संपूर्ण संच चालवल्यानंतरच ते दुरुस्त्या पुढे पाठवतात. हा मार्ग संथ आहे, पण जेथे लोकांची माहिती साठते तेथे तोच योग्य आहे. ज्यांच्या यंत्रावर अद्याप ६.१.६४ किंवा ६.१.६५ आहे, त्यांनी विलंब न लावता ६.१.६६ च्या पुढील आवृत्ती घ्यावी.