अभयारण्यातील पक्षी व सस्तन प्राण्यांचे छायाचित्रण : तंत्र आणि मर्यादा

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या अभ्याससहलींमध्ये आज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा असतो. छायाचित्र हे निरीक्षणाचे प्रमाण आणि अभ्यासाचे साधन होय. तथापि ते मिळविण्याच्या ओघात ज्या जीवाचा अभ्यास करावयाचा त्यालाच बाधा पोहोचण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या छायाचित्रणाचे तंत्र व मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
भारतातील वन्यजीव छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांत वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांची गणना होते. वाघाच्या वाटेवर तार ताणून, तिला धक्का लागताच छायाचित्र निघेल अशी योजना त्यांनी केली. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध झाला. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकात भिन्न असते. या तत्त्वावर डॉ. उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकात नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वाघांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धती विकसित केली. छायाचित्र हे केवळ शोभेची वस्तू नसून शास्त्रीय पुरावाही ठरू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

तंत्र :
वन्य जीव आणि छायाचित्रकार यांतील अंतर लांब पल्ल्याच्या भिंगाने भरून काढावे, पावलांनी नव्हे. 400 मि.मी. भिंग हातात धरून वापरताना शटरचा वेग सर्वसाधारणपणे 1/400 सेकंदापेक्षा कमी नसावा. उडत्या पक्ष्यासाठी तो 1/1000 सेकंद वा त्याहून अधिक लागतो. सकाळचा तिरपा प्रकाश सौम्य असतो आणि पक्षीही त्या वेळी अधिक सक्रिय असतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे उथळ जलाशय निर्माण झाला आहे. अशा ठिकाणी निरीक्षण मनोऱ्यात स्थिर बसून राहिल्यास पक्षी माणसाची फारशी दखल घेत नाहीत. पाठलागापेक्षा प्रतीक्षा अधिक फलदायी ठरते.

बाधेचे स्वरूप :
टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कडक उन्हात ती अंड्यांवर सावली धरते, तसेच पोटाची पिसे भिजवून अंड्यांना गारवा देते. छायाचित्रकार जवळ रेंगाळल्यास ती उठून ओरडत राहते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. दूरवरून आलेला पाणपक्षी वारंवार उडविला गेल्यास त्याची शक्ती व चरण्याचा वेळ वाया जातो. चितळाने चरणे थांबवून मान वर केली व कान टवकारले, तर छायाचित्रकाराने मर्यादा ओलांडली असे समजावे. ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला बोलावणे, खाद्याचे आमिष दाखविणे आणि निशाचर प्राण्यांवर प्रखर प्रकाशझोत टाकणे हे प्रकार सर्वथा टाळावेत.

कायदा व नियम :
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 मध्ये छायाचित्रणासाठी अभयारण्यात प्रवेशाच्या परवान्याची तरतूद आहे. याच अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यांचाही अंतर्भाव होतो, ही बाब पुष्कळांना ज्ञात नसते. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनासाठी 2012 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निर्गमित झाली. त्यांनुसार वाहनाने प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर राखावयाचे असून प्राण्याला घेरण्यास मनाई आहे.

अध्यापकांची भूमिका :
सहलीपूर्वी अध्यापकांनी विद्यार्थ्यांना हे नियम समजावून द्यावेत. प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ, अधिवास व वर्तन यांची नोंद करून घ्यावी. मात्र घरट्याचे वा दुर्मीळ प्राण्याचे नेमके स्थान जाहीर करू नये. मूल्यमापनात छायाचित्राच्या आकर्षकतेपेक्षा नोंदीच्या अचूकतेला अधिक गुण द्यावेत. त्यामुळे जवळ जाण्याची स्पर्धा आपोआप मंदावेल.

निष्कर्ष :
छायाचित्र घेतल्यानंतरही पक्षी अंड्यांवर बसलेला आणि प्राणी चरत राहिलेला असेल, तरच ते छायाचित्र यशस्वी मानावे. चांगली चौकट हुकली तरी पुढील सहलीत पुन्हा संधी मिळू शकते. उन्हात नासलेले अंडे मात्र परत मिळत नाही.