काळ्या मेंढीची लोकर

थंडी पडली की आई पेटीतून स्वेटर बाहेर काढते. त्याची मऊ मऊ लोकर बऱ्याचदा मेरिनोसारख्या परदेशी मेंढीची असते, नाहीतर ती असते चक्क कारखान्यात बनलेला कृत्रिम धागा! मग आपल्या रस्त्यांवरून 'बें बें' करत जाणाऱ्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचं काय होतं? चला, धनगरांच्या वाड्यावर जाऊ या.

हा वाडा दगडविटांचा नाही बरं का! वाडा म्हणजे मेंढपाळांचा फिरता मुक्काम. दिवाळीच्या सुमाराला दुष्काळी भागातली बरीच धनगर कुटुंबं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणातही जातात. घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: भांडीकुंडी, अंथरुणं आणि वर नुकतं जन्मलेलं एखादं कोकरू! संध्याकाळी एखाद्या शेतात जाळी उभी करतात. तिला म्हणतात वाघूर. रात्रभर मेंढरं आत बसतात आणि लेंड्यांचं झकास खत शेताला मिळतं. त्याबद्दल शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो.

या मेंढ्यांची जात दख्खनी. अंगानं काटक, मैलोन्‌मैल चालणारी. वर्षातून साधारण दोनदा तिची लोकर कातरतात. आधी ओढ्यात अंघोळ, मग मोठ्या कातरीनं कचकच कचकच! एवढं करून एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही. कोकराच्या पहिल्या लोकरीला काय म्हणतात, ठाऊक आहे? जावळ! अगदी तुमच्या धाकट्या भावंडाच्या केसांसारखंच. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ.

दख्खनी लोकर जाडीभरडी, म्हणून ती विणकामाच्या सुयांवर फारशी येत नाही. ती जाते मागावर. आधी ती पिंजायची, मग चरख्यावर सूत काढायचं. बायामाणसं या कामात तरबेज. सुताला चिंचोक्याची खळ लावली की ते ताठ होतं. मग विणकर खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणतो. धाग्यांच्या मध्ये हवा अडकते, म्हणून ती ऊब देते. रिमझिम पावसात डोक्यावरून खोळ घेतली, तर पाणी सहजासहजी आत शिरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तर भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. एवढा या लोकरीचा मान!

पण आज ही लोकर संकटात आहे. गिरणीतली स्वस्त ब्लँकेटं आली आणि घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं. अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. न कातरावी, तर मेंढी उकाड्यानं हैराण होते. मग कातरलेली लोकर कित्येकदा रानातच टाकून देतात. मांसाला भाव चांगला, म्हणून काही जण अंगानं थोराड पण कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्या पाळतात. त्यांचंही चूक नाही. पोट तर भरायला हवं ना? पण काळी मेंढी गेली, तर तिच्यामागून चरखा जाईल, माग जाईल आणि विणकराच्या हातातली कलाही जाईल.

काही संस्था आणि कलाकार आता याच लोकरीपासून गालिचे, पिशव्या बनवून नवं गिऱ्हाईक शोधताहेत. तुम्हीही एक करा. आजोबांना विचारा, 'आपल्या घरी घोंगडी होती का हो?' असेल तर बाहेर काढा, उन्हात झटका आणि एक रात्र पांघरून बघा. पहिल्यांदा टोचेल हं! पण थोड्याच वेळात अशी ऊब येईल, की सकाळी उठावंसं वाटणार नाही.