इंदूरचे कापूसशेत आणि ऑयलरचा चुकलेला अंदाज

पाच वाणांपैकी अधिक कापूस कोणता वाण देतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. पाचही वाण पेरावेत, वेचणीनंतर कापूस तोलावा आणि आकडे शेजारी शेजारी मांडावेत. अडचण अशी की, शेत सर्वत्र सारखे नसते. माळव्याच्या काळ्या जमिनीची खोली थोड्या अंतरावर बदलते. उताराच्या खालच्या अंगाला ओल अधिक काळ टिकते. ज्या वाणाच्या वाट्याला सकस तुकडा आला, तो वाण जिंकल्याचे कागदावर दिसते. प्रत्यक्षात जिंकलेली असते ती जमीन. अशा निष्कर्षावर विसंबून बियाणे वाटले गेले, तर त्याची किंमत पुढच्या हंगामात शेतकरी मोजतो.

या अडचणीशी इंदूरचा जुना संबंध आहे. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांच्या पुढाकाराने 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. कंपोस्ट खताच्या 'इंदूर पद्धती'मुळे तिचे नाव जगभर गेले. तिचे दुसरे काम मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. जोसेफ हचिन्सन आणि व्ही. जी. पानसे यांनी १९३५ च्या सुमारास कापसाच्या चाचण्यांत वाफे केवढे असावेत, त्यांचा आकार कसा असावा आणि ते कोणत्या क्रमाने मांडावेत, याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे पानसे यांनी सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्यासह कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्रावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केलेल्या या ग्रंथावर कृषी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्यात शिकवलेल्या मांडण्यांपैकी एक म्हणजे लॅटिन चौरस.

खाजन शेतातील चौरस

गोव्यातील वाचकाला ही मांडणी खाजन शेतीच्या उदाहरणाने लवकर उमगेल. खाजनात मानशीकडच्या बाजूला खारेपणा अधिक आणि आत जावे तसा कमी, असे समजू. त्याच शेतात आडव्या दिशेने जमिनीची उंची बदलते, असेही समजू. म्हणजे जमिनीचा गुण एकाच वेळी दोन दिशांनी बदलतो. येथे कोरगुटसह भाताच्या चार वाणांची तुलना करायची आहे. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. शेताचे चार ओळी आणि चार स्तंभ असे १६ वाफे करून वाण पुढीलप्रमाणे लावता येतात :

अ ब क ड
ब क ड अ
क ड अ ब
ड अ ब क

प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येतो. त्यामुळे खाऱ्या पट्ट्याचा तोटा आणि सखल पट्ट्याचा लाभ चारही वाणांना सारखाच वाटला जातो. बेरीज करून तुलना केली की, दोन्ही दिशांचा जमिनीचा परिणाम बाजूला पडतो. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. अठराव्या शतकातील गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याने या चौरसांत लॅटिन अक्षरे वापरली, त्यावरून हे नाव पडले. सुटलेले सुडोकू हाही ९ ओळींचा लॅटिन चौरसच असतो. त्यात ३ बाय ३ च्या चौकटींची एक अट अधिक असते.

चौरस नेहमी अस्तित्वात असतो का?

कितीही वाण असले, तरी लॅटिन चौरस करता येतोच. वरच्या आकृतीतच त्याचे कारण दडलेले आहे : पहिली ओळ लिहावी, पुढच्या प्रत्येक ओळीत अक्षरे एक घर सरकवावीत आणि कडेला पडलेले अक्षर दुसऱ्या टोकाला आणावे. ही युक्ती ५ वाणांना चालते, तशीच ५०० वाणांनाही.

आकार वाढला की अशा चौरसांची संख्या झपाट्याने वाढते. ३ अक्षरांचे १२ चौरस होतात, ४ चे ५७६, ५ चे १,६१,२८० आणि ६ चे ८१,२८,५१,२००. या विपुलतेचा शेतात उपयोग होतो. इंग्लंडमधील रोथमस्टेड येथील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचा आग्रह होता की, कोणता चौरस वापरायचा हे प्रयोगकर्त्याने आवडीने न ठरवता चिठ्ठी टाकावी तसे योगायोगावर सोपवावे. तसे केल्यास नकळत होणारा पक्षपात टळतो.

अर्धवट भरलेला चौरस मात्र फसवू शकतो. ४ बाय ४ च्या चौरसात पहिल्या ओळीत अ, ब, क लिहिले आणि दुसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात ड लिहिला, की खेळ संपतो. पहिल्या ओळीच्या शेवटच्या घरात ड हवा; पण त्या स्तंभात तो आधीच आहे. चारच घरे भरूनही मार्ग बंद होतो. याहून एक घर कमी भरलेले असेल, म्हणजे अक्षरांच्या संख्येपेक्षा किमान एकाने कमी घरे नियम पाळून भरलेली असतील, तर चौरस नेहमी पूर्ण करता येतो. ट्रेव्हर इव्हान्स यांनी १९६० मध्ये मांडलेला हा अंदाज बोहदान स्मेतानिउक यांनी १९८१ मध्ये सिद्ध केला.

दोन चौरसांची जुळणी

खरा पेच पुढे आहे. समजा, वाणांबरोबर खतेही तपासायची आहेत. तीन वाण आणि तीन खते असतील, तर मांडणी अशी होते :

अ१ ब२ क३
ब३ क१ अ२
क२ अ३ ब१

अक्षरांचा एक लॅटिन चौरस, अंकांचा दुसरा. आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ नेमकी एकदा पडते. अशा दोन चौरसांना परस्परलंब म्हणतात.

प्रत्येक चौरसाला असा जोडीदार मिळत नाही. खाजनातल्या चौरसालाच तो नाही. जोडीदार असायचा, तर दुसऱ्या चौरसातील प्रत्येक अंकाची चार घरे पहिल्या चौरसात अशी पडली पाहिजेत की, ती चार वेगळ्या ओळींत आणि चार वेगळ्या स्तंभांत असतील व त्यांत अ, ब, क, ड एकेकदा येतील. आता अक्षरांना ०, १, २, ३ अशा किमती द्याव्यात. ओळी आणि स्तंभांनाही तेच क्रमांक द्यावेत. सरकवून केलेल्या चौरसात कोणत्याही घराची किंमत म्हणजे ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकांच्या बेरजेला ४ ने भागून उरलेली बाकी. निवडलेल्या चार घरांचे ओळक्रमांक आणि स्तंभक्रमांक मिळून १२ होतात. ४ ने भागल्यास बाकी ०. अक्षरांच्या किमतींची बेरीज ६ होते, बाकी २. या दोन बाक्या जुळायला हव्या होत्या, त्या जुळत नाहीत. म्हणून अशी चार घरे सापडणे अशक्य आहे. उलट, ४ अक्षरांच्याच पुढील चौरसाला जोडीदार मिळतो :

अ ब क ड
ब अ ड क
क ड अ ब
ड क ब अ

आकार तोच, अक्षरे तीच. फरक केवळ अंतर्गत रचनेचा.

ऑयलरचा अंदाज

ऑयलरने १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक कोडे मांडले. ६ पलटणींतून ६ वेगवेगळ्या हुद्द्यांचे, असे ३६ अधिकारी आहेत. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकदाच येईल, असे त्यांना चौरसात उभे करता येईल का? त्याला ते जमले नाही. त्याने पुढे अंदाज केला की ६, १०, १४, १८ अशा, ४ ने भागल्यास २ उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी परस्परलंब जोडी नसते. १९०० च्या सुमारास गास्तों तारी यांनी सर्व शक्यता तपासून ६ साठी ती खरोखरच नसल्याचे सिद्ध केले. त्यामुळे ऑयलरच्या संपूर्ण अंदाजावरील विश्वास दृढ झाला.

तो मोडून काढणाऱ्या तिघांपैकी दोघांचा जन्म इंदूर ज्या राज्यात आहे, त्या आजच्या मध्य प्रदेशातला. राजचंद्र बोस १९०१ मध्ये होशंगाबाद येथे जन्मले. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे, मराठी कुटुंबात झाला. नागपूरला शिक्षण घेतलेल्या श्रीखंडे यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९५९ मध्ये या गुरुशिष्यांनी २२ अक्षरांची परस्परलंब जोडी रचून दाखवली. ऑयलरच्या मते ती असूच शकत नव्हती. पाठोपाठ ई. टी. पार्कर यांनी १० ची जोडी शोधली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की, २ आणि ६ वगळता १ पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येसाठी जोडी असते. १७७ वर्षांचा अंदाज ढासळल्याची ही वार्ता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २६ एप्रिल १९५९ रोजी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले.

शेतात याचा अर्थ काय?

६ वाण आणि ६ खते घेऊन ३६ वाफ्यांत चाचणी आखणाऱ्या संशोधकाला हवी ती परिपूर्ण मांडणी मिळणार नाही, मग त्याने कितीही कागद खर्च केले तरी. ५ किंवा ७ घेतल्यास ती सहज मिळते. हे आधी कळले, तर हंगाम वाया जात नाही. लॅटिन चौरसाला मर्यादाही आहेत. वाण वाढले की वाफे वर्गाच्या प्रमाणात वाढतात : १२ वाणांना १४४ वाफे लागतात. वाण फार थोडे असतील, तर दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्याइतकी माहितीच हाती येत नाही.

१० हा आकडा अजूनही गणितज्ञांना स्वस्थ बसू देत नाही. ७ किंवा ९ अक्षरांसाठी एकमेकांना लंब असे अनुक्रमे ६ आणि ८ चौरस मिळतात. ही शक्य तेवढी कमाल संख्या आहे. १० साठी ही कमाल म्हणजे ९ चौरस मिळत नाहीत, हे १९८९ मध्ये क्लेमेंट लॅम आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या दीर्घ तपासणीतून दाखवले. दोन मात्र मिळतात, हे १९५९ पासून ठाऊक आहे. १० अक्षरांचे, एकमेकांना लंब असे तीन चौरस आहेत की नाहीत, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणालाही देता आलेले नाही.